पाठीला कळलं पाहिजे

ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं, की बाकीचे लोक गाव विचारतात, नोकरी विचारतात. तळमजल्यावर मोटरसायकल पुसत बसलेले पाटणकर काका वजन विचारतात.

मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी मुरबाडच्या पुढे, टोकावड्याजवळच्या गावातून आलेलो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. ठाण्यात नोकरी लागली होती आणि काकांच्याच जिन्यावर दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. शहरातल्या माणसाने काही विचारलं की खरं सांगायचं, असं आमच्या मास्तरांनी शिकवलेलं. मी खरं वजन सांगितलं. काकांनी फडकं खाली ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वर गॅलरीकडे तोंड करून आनंदाने म्हणाले, "अगं, मिळाला. अगदी तुझ्याएवढा भरतो."

वरून खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मालतीकाकूंचं वजन त्या क्षणी चारही मजल्यांना कळलं. काकांना पुढचे काही दिवस संध्याकाळचा चहा मिळाला नाही, असं मागाहून समजलं.

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. आयुष्यभर त्यांनी ट्रक मोजले. काट्यावर ट्रक चढताना नुसता आवाज ऐकून माल कमी आहे की जास्त हे ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही. उरली एक जुनी मोटरसायकल आणि उन्हाळा.

काकूंचं माहेर ओतूरला, माळशेज घाट चढून पलीकडे. दर मे महिन्यात त्या माहेरी जात. पूर्वी काकांच्या मागे बसून, आता एसटीने. आणि काका? काका त्याच एसटीच्या मागे मोटरसायकलवर. काकू शेवटच्या रांगेतली खिडकी धरत, काका प्रत्येक वळणावर हात दाखवत. एकदा कंडक्टरने काकूंना हलकेच विचारलं म्हणे, मावशी, तो म्हातारा कल्याणपासून मागे लागलाय, पोलिसांना सांगू का? काकू म्हणाल्या, राहू द्या, आमचेच आहेत.

हे असं का, ते मला काकांनीच सांगितलं. मार्च संपत आला की ते गाडी उघडून बसत. चेन रॉकेलमध्ये बुडवायची, चाकाच्या तारा बोटाने वाजवून बघायच्या, क्लचची जादा वायर सीटखाली गुंडाळून ठेवायची, सीटवर टाकायला गोणपाट भिजवून ते उन्हात किती वेळ गार राहतं याचा अंदाज घ्यायचा. हात चालू असत आणि काका झोपेत बोलल्यासारखे घाटात पोचलेले असत. आता बहावा फुलला असेल. आता करवंदवाल्या बाया सावली धरून बसल्या असतील. मी ऑफिसमधून दमून येई, पायरीवर टेकत असे आणि त्यांच्या आवाजात माझाच रस्ता पुन्हा बघत असे. तो रस्ता मी लहानपणापासून पाहिलेला, पण इतका सुंदर आहे हे मला ठाकुर्लीच्या पार्किंगमध्ये कळलं.

तर झालं होतं असं. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दोघं पहाटे निघाली. काकू नेहमीप्रमाणे मागची कडी धरून बसलेल्या. लोकांसमोर नवऱ्याला धरायचं नाही, ही त्यांची पद्धत. नव्वद फुटी रस्त्यावर एक नवा गतिरोधक झाला होता, पांढरे पट्टे न मारलेला. गाडी उडाली. काकू तिथेच रस्त्यावर बसल्या. आणि काका हेल्मेटच्या आतून चेन किती ढिली ठेवावी हे त्यांना समजावत थेट कल्याणच्या पत्रीपुलापर्यंत गेले. उत्तर येईना, तेव्हा त्यांना वाटलं, रागावली. मग त्यांनी विषय बदलून टायरवर आणला. शेवटी एका रिक्षावाल्याने गाठून सांगितलं, काका, काकू मागेच राहिल्यात.

परत येऊन बघतात तर काकू रसवंतीच्या बाकावर उसाचा रस पीत बसलेल्या. गुडघा थोडा खरचटला होता, तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्या एसटीने गेल्या आणि पुन्हा गाडीवर बसल्या नाहीत.

"ट्रकमधली दोन पोती कमी असली तर मला कळायचं," काका चेनकडे बघत म्हणाले. "आणि ही उतरली ते कळलं नाही. पाठीला कळलं पाहिजे रे."

तेव्हापासून पाठीला शिकवणं सुरू होतं. आधी त्यांनी मागे तांदळाचं पोतं बांधलं. पण पोतं आपणहून उतरत नाही, ही त्यात अडचण होती. मग नेमक्या वजनाच्या माणसाचा शोध सुरू झाला आणि मी सापडलो.

माझं काम सोपं होतं. दर रविवारी सकाळी मी मागे बसायचं, कडी धरायची. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर गाडी अगदी माणसाच्या चालीने चढते. तिथे मी गुपचूप दोन्ही पाय टेकून उभं राहायचं आणि गाडी खालून निघून जाऊ द्यायची. काकांनी ते ओळखायचं. पहिल्या रविवारी ते कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत माझ्याशी बोलत गेले. पुढे पुढे त्याच्या अलीकडच्या वाण्याच्या दुकानाशीच थांबू लागले. कधी मी उतरलेलो नसतानाच थांबत आणि मान वळवून म्हणत, आहेस का? या सरावाच्या बदल्यात काकू मला रविवारी जेवायला बोलावत. गावाकडे कोणी विचारलं की मुलगा तिकडे काय करतो, तर आई नोकरीचं सांगत असे. हे मी तिला कळवलं नव्हतं.

एका रविवारी पोळी वाढताना मी काकूंना म्हटलं, काका फार मनावर घेतात.

"पडले त्याचं काही नाही रे," त्या म्हणाल्या. "मी रस्त्यावर बसून यांची पाठ बघत होते. लहान होत गेली, होत गेली. आता वळतील, आता वळतील, असं वाटत होतं." मग त्यांनी माझ्या पोळीवर तूप घातलं आणि बोलणं संपवलं.

काकू माहेरी निघणार त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव होता. एसटीचं आरक्षण झालेलं होतं. काकू गॅलरीत मिरच्या वाळत घालत होत्या, आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवत. आम्ही निघालो. गतिरोधक आला, मी पाय टेकले, गाडी पुढे गेली.

ती दोन हातांवर थांबली. काकांनी स्टँडही नीट लावला नाही, गाडी भिंतीला कलली. हेल्मेट तसंच डोक्यावर, आणि ते माझ्याकडे पळत आले, माझे दोन्ही खांदे धरून मला खालपासून वर चाचपत म्हणाले, "मालती, लागलं का?"

काकांना आपण काय बोललो हे उमगायला थोडा वेळ लागला. मग ते गाडी उचलायला गेले आणि बराच वेळ उगाच आरसा पुसत राहिले. मी वर पाहिलं. काकूंच्या हातात सूप तसंच होतं आणि मिरच्या एका बाजूने खाली पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. काकू पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एसटीचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. "वाटेतच तुझं गाव आहे ना? आईला भेटून ये. खिडकी चांगली आहे."

खाली काका गाडी सुरू करून उभे होते. काल जिंकलेला माणूस आज घाबरलेला दिसत होता. पाठीला कळलं नाही तर, असं ते पुटपुटत होते.

काकू मागे बसल्या. दूधवाला बघत होता, पहिल्या मजल्यावरच्या बाई बघत होत्या. काकूंनी कडीकडे हात नेला आणि परत घेतला. तो त्यांनी काकांच्या खांद्यावर ठेवला.

"हात गेला की मागे वळायचं," त्या म्हणाल्या. "एवढंच."

कल्याणच्या डेपोतून माझी एसटी सुटली तेव्हा ते मागे होते. मुरबाड गेलं. ऊन पिवळं होत गेलं, दोन्ही बाजूंची माळरानं झोपल्यासारखी पडली होती, दूर घाटाची भिंत निळी तरंगत होती. मी शेवटच्या खिडकीतून मागे बघत होतो. काकांचं तोंड हेल्मेटमध्ये हलत होतं, बहुधा चेनबद्दल. एकदा काकूंनी ओढणी सारखी करायला हात उचलला. गाडी लगेच मंद झाली, काकांची मान मागे वळली. हात खांद्यावर आला, गाडी निघाली. थोड्या वेळाने काकूंनी पुन्हा हात उचलला. या वेळी ओढणी नीटच होती. काका पुन्हा वळले आणि काकू हसत होत्या.

मग रस्ता वळला आणि दोघं झाडांमागे गेली. पुढच्या वळणावर गाडी पुन्हा दिसली. हात जागेवर होता.