सासूबाईंच्या बागेतली खुरपणी

मसाका शहरात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कातेंडेने आयुष्यात खुरप्याला हात लावला नव्हता. पण सेंद्रिय शेतीच्या एक दिवसाच्या शिबिराहून तो असा परतला, जणू तण त्याला बघूनच पळ काढणार होतं. "औषधाचा थेंबही न मारता आईंची केळीची बाग चकाचक करून देतो," त्याने बायकोला, नाब्बोसाला, ठणकावून सांगितलं. तण उपटायचं, ढीग घालायचा आणि जमीन झाकायला एखादं बुटकं गवत राखायचं, एवढं सोपं काम होतं.

नाब्बोसा म्हणाली, तण कुठलं ते आधी आईला विचारून घ्या. पण विचारणार कसं? जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही, सासूने जावयाचं बघायचं नाही, हा रिवाज. दोघं समोरासमोर आली तर हात कायमचे थरथरू लागतात असं सगळे म्हणत, आणि कातेंडेचं पोट तर हातांवरच चाललेलं.

म्हणून रविवारी सासूबाई, म्हणजे नाक्कू, चर्चला गेल्याचं बघूनच तो बागेत घुसला. दुपारपर्यंत त्याने केळींमधली रुंद पानांची रोपं मुळासकट उपटून हा एवढा ढीग घातला. जमिनीलगत पसरलेलं हिरवंगार गवत मात्र मायेने राखलं, वर दोन बादल्या पाणीही घातलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. प्रार्थना लवकर आटपली होती. पळायला वाट एकच, तीही सासूबाईंच्या समोरून जाणारी. कातेंडे ढिगात शिरला आणि डोळे घट्ट मिटून पडून राहिला.

नाक्कू ढिगापाशी आल्या, खाली बसल्या आणि एकेक रोप उचलून टोपलीत टाकू लागल्या. ढीग उतरत चालला. आधी पाठ हलकी झाली, मग मानेला वारा लागला. कातेंडेने हात पोटाखाली दडवले. ते आत्ताच थरथरत होते.

मग टोपली थांबली. नाक्कू पाठ फिरवून शेजारच्या केळीशी बोलू लागल्या.

"केळीबाई, आमच्या जावयांना सांग, त्यांचे बूट मघापासून दिसतायत. मी बघत नाहीये, सावकाश उठा म्हणावं."

ढिगातले बूट हळूच आत सरकले.

"आणि सांग, उपटली ती डोडोची पालेभाजी आहे. उद्या मलाच उपटायची होती. कंबर वाचली माझी."

कातेंडेला इतकं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. उठून त्याने पहिल्यांदा हात पाहिले. छान स्थिर होते. मग तोही पाठ करून केळीला म्हणाला, "केळीबाई, आईंना सांग, पुढच्या रविवारी परत येतो."

"येऊ देत," नाक्कू केळीला म्हणाल्या. "तण सगळं तसंच आहे. फक्त त्याला पाणी घालू नका म्हणावं."