शनिवारच्या बससाठी पंचवीस उपक्रम

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. त्या वर्षी आमच्या गावात करण्यासारखं काहीच नाही, असं सरकारी पाहणीत सिद्ध झालं. तोवर आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी उठून कामाला लागायचं, संध्याकाळी नदीच्या पुलावर कठड्याला टेकून बसायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, या गडबडीत ते लक्षात यायचं राहून गेलं होतं.

पाहणीला प्रवासी वाहतूक खात्याचे एक तपासनीस आले होते. सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. प्रश्न विचारण्याआधी दर वेळी पेन्सिलीला टोक काढायचे. तीन दिवसांत त्यांनी तीनशे बारा जणांना एकच प्रश्न विचारला, "काय चाललंय?" आणि कुठलाही भला माणूस जे उत्तर देतो तेच तीनशे बारा जणांनी दिलं, "काही नाही."

घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून होते. ते म्हणाले, "काही नाही, बसलोय. या ना!" माझ्या शिलाई मशीनपाशी शाळेचे चाळीस गणवेश कापून पडले होते. दातांत धरलेल्या टाचण्या काढून मीही म्हटलं, "काही नाही, बसा. चहा टाकते." सासूबाई तेव्हा शेजारणीशी सकाळपासूनचं भांडण तिसऱ्यांदा भांडत होत्या. त्यासुद्धा मध्येच थांबून म्हणाल्या, "काही नाही हो, आपलं असंच." तपासनिसांनी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.

दीड महिन्यानं पत्र आलं. "सदर गावातील शंभर टक्के रहिवासी काहीही करत नसल्याचे त्यांच्याच तोंडून निष्पन्न झाले आहे. जेथे करण्यासारखे काही नाही, तेथे कोणी जाण्याचे कारण संभवत नाही. सबब, शनिवारची बस बंद का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. गावात किमान पंचवीस मान्यताप्राप्त उपक्रम आढळून आल्यास फेरविचार करण्यात येईल."

गावाला तेवढी एकच बस होती. शनिवारी संध्याकाळी पाचला यायची आणि सोमवारी सकाळी परत जायची. त्या बसनं आमचे हे यायचे. लग्नाला आठ महिने झाले होते. शहरातल्या कारखान्यात ते लेथवर कामाला होते. आठवड्यातून दोन संध्याकाळ आणि एक रविवार, एवढाच माझ्या वाट्याचा नवरा होता, आणि तो त्या बसमधून उतरायचा.

पत्र सरपंचांनी पुलावर वाचून दाखवलं. त्यांना 'नगराध्यक्ष' म्हटलेलं आवडायचं, म्हणून सगळं गाव तसंच म्हणायचं. ते घरी मीठ मागायचे तेही सभेला उद्देशून.

"शहरात काय नाही?" ते म्हणाले. "नाटकं आहेत, प्रदर्शनं आहेत, बागा आहेत. आपल्याकडे काय आहे?"

"पूल आहे," घड्याळवाले काका म्हणाले.

"पुलावर काय करता?"

"बसतो."

"बसून?"

"बसून काय? बसतो. तुम्हीही बसलाच आहात की."

नगराध्यक्ष ताडकन उठले. त्यानंतर त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही.

चार दिवसांत समिती झाली आणि पंधरवड्यात पंचवीस उपक्रम झाले. पुलावर बसणं हे 'नदीनिरीक्षण मंडळ, उपक्रम क्रमांक एक' झालं. तिथे हजेरीपट आला, एक चिटणीस आला आणि अर्ध्या तासाच्या वर कुणी नदी बघायची नाही असं ठरलं. सासूबाईंचं भांडण 'खुली वादचर्चा, उपक्रम क्रमांक सात' म्हणून मंजूर झालं. फक्त विषय आठ दिवस आधी लेखी कळवायचा होता.

सासूबाई भडकल्या. "अहो, आठ दिवसांनी मला कशाचा राग येणारे, ते आज कसं सांगू?"

"अंदाजे लिहा," नगराध्यक्ष म्हणाले.

सासूबाईंनी अंदाजे लिहिलं. शेजारीण मुद्दे काढून आली आणि दोघी पाच-पाच मिनिटं बोलून खाली बसल्या. मी त्या घरात आल्यापासून दोघींना एवढं खिन्न कधी पाहिलं नव्हतं.

पण खरी अडचण वेगळीच होती. नियमाप्रमाणे प्रत्येक उपक्रमाला शंभर सभासद हवे होते आणि गावात धडधाकट माणसं होती चारशे. तेव्हा प्रत्येकाला सहा उपक्रम आले. उरलेल्या शंभर जागा उत्साही मंडळींनी वाटून घ्यायच्या होत्या, आणि उत्साही कोण हे नगराध्यक्ष ठरवत. उपक्रमांना वेळेवर पोचण्याच्या धावपळीत घड्याळवाल्या काकांना घड्याळं दुरुस्त करायला वेळ मिळेना, आणि घड्याळं बंद पडल्यामुळे उपक्रमांना वेळेवर कुणी पोचेना. त्यावर उपाय म्हणून पंचविसांतला एक उपक्रम बदलून 'वक्तशीरपणा प्रसार वर्ग' निघाला. त्याला काकांना प्रमुख केलं. गणवेश तसेच पडून राहिले आणि पोरं मांड्यांवर घट्ट बसणाऱ्या जुन्या चड्ड्यांत शाळेत जाऊ लागली.

माझ्याकडे समूहगान, शतपावली, प्रथमोपचार, हस्तकला, नदीनिरीक्षण आणि 'शहरातून येणाऱ्यांचे स्वागत' असे सहा होते. शनिवारी पाचला बस आली. शंभर जणी रांगेत उभ्या होतो. हे उतरले. मी त्यांच्या हातात फूल दिलं, "आपलं गावात हार्दिक स्वागत असो" म्हटलं आणि समूहगानाला पळाले.

"अगं, घरी कधी येणार?" हे मागून ओरडले.

"शतपावली झाली की! ताट झाकून ठेवलंय!"

तिसऱ्या शनिवारी नगराध्यक्षांनी त्यांना बसच्या दारातच गाठलं. शहरातला एक सभासद नियमाप्रमाणे दोन धरतात, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि चार उपक्रमांत नाव घातलं. रविवारी संध्याकाळी हे घरी आले ते हाताला तीन ठिकाणी बँडेज बांधून. लागलं काही नव्हतं, प्रथमोपचाराच्या सरावाला माणूस कमी पडला होता.

"सहा दिवस राबून शनिवारी इथे यायचो ते घटकाभर तुझ्याशी बोलत बसायला," ते म्हणाले. "आता सोमवारी लेथपुढे उभा राहिलो की जरा विसावा मिळाल्यासारखं वाटतं."

"थोडेच दिवस हो. एकदा बस वाचली, की मग…"

"बस वाचेल गं. मी वाचतोय का, तेवढं बघ."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. कार्ड आलं. "खोलीवरच थांबलो. रविवारी इथे मला कुणीही ओळखत नाही. बरं वाटतं. तू समूहगानात आवाज जपावास." शंभर जणींनी त्या दिवशी रिकाम्या बसचं स्वागत केलं. फुलं कंडक्टरनं घेतली.

तपासनीस पुन्हा आले. त्यांना सव्वीस उपक्रम आढळले; सव्विसावा उपक्रमांची यादी करण्याचा होता. बस नुसती वाचलीच नाही, रोजची झाली. नगराध्यक्षांनी दोन तास भाषण केलं. मी मात्र लगेचच्या शनिवारी त्याच बसनं शहराला निघाले. गाडीत पाहते तर घड्याळवाले काका आणि काकू, शेजारीण, निम्मं समूहगान.

"कुठे निघालात काका?"

"डॉक्टरांकडे," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तू?"

"मीही."

सगळी बस डॉक्टरांकडेच चालली होती.

रविवारी शहरात आमच्या ह्यांनी मला एका बागेत नेलं. समोर नाट्यगृह होतं, पलीकडे चित्रांचं प्रदर्शन. आम्ही सकाळपासून बाकावर बसून होतो. त्यांनी विचारलं, "नाटक बघायचंय?" मी म्हटलं, "नको." लेथवरच्या जोडीदाराच्या खोड्या, सासूबाईंचा गुडघा, मूल झालं तर ते कुणासारखं दिसू नये, सगळं बोलून झालं. शेजारच्या बाकावर काका-काकू होते. आम्ही एकमेकांना पाहिलं नाही, असं दोन्हीकडून ठरलं. आणि चौथ्या बाकावर, बूट काढून, गवतात पाय सोडून तपासनीस बसले होते.

"साहेब, तुम्ही इथे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते जरा ओशाळले. "शहरात बघण्यासारखं इतकं आहे बाई, की सुरुवात कुठून करावी तेच ठरत नाही. अकरा वर्षं झाली. तोवर इथे बसतो."

मला वाटलं, आता या माणसाला कळलं असणार. कळलंही होतं. महिन्याभरात गावाला दुसरं पत्र आलं. "रहिवासी दर शनिवारी मोठ्या संख्येने शहरात जातात व तेथे काहीही करत नाहीत, असे प्रत्यक्ष पाहण्यात आले आहे. यावरून, सदर गावात करण्यासारखे भरपूर असले तरी काहीही न करण्याची सोय नाही, हे उघड आहे. सबब, तसा सत्ताविसावा उपक्रम तातडीने सुरू करावा. सभासद शंभर. हजेरी सक्तीची."

नगराध्यक्षांनी तो त्याच आठवड्यात सुरू केला. पुढे ते एका उद्घाटनात उभ्या उभ्याच गेले. नंतरची दोन भाषणं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. घड्याळवाले काका शहरात दुकान काढून तिकडचेच झाले. सासूबाई आणि शेजारीण यांना वादचर्चेचं पहिलं बक्षीस विभागून मिळालं. त्यानंतर दोघी कधी भांडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. तपासनिसांनी वार्षिक अहवालात आपल्या रविवारांची खरी माहिती भरली, म्हणून त्यांची बदली झाली. कुठे, ते समजलं नाही.

मी पुढच्याच वर्षी गाव सोडलं आणि ह्यांच्या खोलीवर राहायला गेले. बाग दोन रस्त्यांपलीकडे होती. मग त्यांना जादा पाळी मिळाली, मला शिवणाची गिऱ्हाइकं मिळाली, मुलांना शिकवण्या लागल्या. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहिलो, आणि जवळ होती म्हणूनच बागेत पुन्हा जायचं राहिलं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा शेवटचा आठवडा मला नीट आठवतो. ते काहीतरी सांगत होते आणि मी "आलेच हं, एवढं टाके घालून" असं म्हणत होते.

आता माझं ऐकायला घरात कुणाला सवड नसते, म्हणून हे लिहून काढलं. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, त्याबद्दल आभार. पण आतल्या खोलीतून तुम्हाला मघाशी दोनदा हाक आली होती, आणि तिसऱ्यांदा आली नाही.