बी विंगचा गोळा

सुभाष पाटकरांनी मुलीचा प्रोजेक्ट प्रिंटसाठी झेरॉक्सवाल्याला पाठवला, तो गेला सोसायटीच्या ग्रुपवर. चूक कळताच त्यांनी घाईघाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं. त्यामुळे तो फक्त त्यांच्या फोनवरून गेला आणि उरलेल्या सत्तर घरांत राहिला.

पहिल्याच पानावर होतं : 'प्रक्षेपण स्थळ – इंद्रलोक, बी विंगची गच्ची. दिशा – उत्तर. पल्ला – शंभर किलोमीटर.'

दहा मिनिटांत सेक्रेटरी अल्पेशभाई बायकोला, ममताबेनना, घेऊन दारात हजर.

"सुभाषभाई, गच्चीवर काय लावलंय?"

"काही नाही हो. इशिताचं एमएस्सीचं काम आहे. गोळा कॉम्प्युटरमध्येच उडतो."

"पण गच्ची तर खरी आहे ना? एनओसी घेतली?"

इशिता आधीच रडकुंडीला आली होती. गोळा हवेत असताना खाली पृथ्वी फिरत राहते, म्हणून तो नाकासमोर न पडता जरासा उजवीकडे पडायला हवा होता. तिचा गोळा चार दिवस डावीकडेच पडत होता, आणि सबमिशन उद्या होतं.

"अंकल, ए विंगवरून सोडू का?"

"ए विंगमध्ये मी राहतो!"

शेवटी तिनं लॅपटॉप उघडून सगळं चालवूनच दाखवलं. पृथ्वी फिरू लागली, ऊन सरकू लागलं, गोळा सुटला. अल्पेशभाईंनी मान थोडी खाली घेतली.

ममताबेन मात्र उन्हाकडेच बघत होत्या. "बेटा, आमच्याकडे सकाळी हायवेच्या बाजूनं ऊन येतं. तुझ्यात सूर्य पश्चिमेला, उत्तनच्या समुद्रातून वर येतोय. असं असतं तर माझे पापड वाळले असते का?"

इशितानं प्रोग्रॅममधली पृथ्वीच्या फिरण्याची ओळ शोधली. मग तिनं तिथे उण्याचं अधिक केलं. पृथ्वी उलटी फिरायची थांबून सुलटी फिरू लागली. गोळा पुन्हा सुटला आणि आधीच्या जागेपासून दोनशे चौतीस मीटर उजवीकडे पडला.

"आंटी, थँक यू!" इशितानं त्यांना मिठीच मारली. "बरोब्बर आला!"

"कुठे पडला, मोठं करून दाखव तरी," ममताबेन कौतुकानं म्हणाल्या. इशितानं नकाशा मोठा केला. उंबरगावच्या अलीकडे एक तळं, एक देऊळ, पत्र्याचं छप्पर.

ममताबेनचा आवाज चढला. "अरे, ही तर माझ्या पप्पांची चिकूवाडी!"

अल्पेशभाईंनी खुर्ची पुढे ओढली, नकाशा नीट पाहिला आणि खिशातून पेन काढलं.

"एनओसी कुठे लिहून देऊ?"