दोन्ही हात वर

सभागृहात माणसं तीस, पण श्वास एकाचाही ऐकू येत नव्हता. मार्चमधला रविवार होता. जपानमधल्या मितो शहरातल्या त्या गल्लीच्या मंडळाला नवा अध्यक्ष निवडायचा होता, आणि जो तो आपल्या गुडघ्यांकडे असा बघत होता, जणू ते आज सकाळीच उगवले आहेत. नजर वर गेली की माणूस वर्षभरासाठी सापडला. कावळ्यांपासून कचरा झाकायची जाळी, उत्सवाचे कंदील, कुणाच्या कुत्र्याची तक्रार, सगळं त्याच्या गळ्यात.

कुनिइची नेगिशी तेवढे निर्धास्त होते. दरवर्षी ते छातीवर हात ठेवून "माझं हृदय..." एवढंच म्हणत, आणि त्या वर्षीचे मावळते अध्यक्ष पुढच्या माणसाकडे वळत. यंदा ते आकुत्सु होते.

हृदयाचं खोटंही नव्हतं. ते ताल सोडून चालायचं. त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका पिशवीत रक्त साचून राही, गुठळी बांधे, आणि ती गुठळी कधी मेंदूकडे निघेल याचा नेम नव्हता. म्हणून या हिवाळ्यात डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून त्या पिशवीच्या तोंडावर इवल्या छत्रीसारखं झाकण बसवलं होतं. छत्रीवर आतून कातडी धरेपर्यंत रक्त पातळ करणारी आधीपासूनची गोळी चालूच ठेवायची होती. आणि गोळी आहे तोवर नात्तो बंद.

मितोच्या माणसाला नात्तो बंद! आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या चिकट तारा, तो उग्र वास. गरम भातावर त्याच्याशिवाय तिथे सकाळ उजाडत नाही. पण ते खाल्लं की गोळीचा जोर संपतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा वर्षं नेगिशींच्या घरात नात्तो आलं नव्हतं. "तुम्ही नाही, तर मीही नाही," असं त्यांची बायको सुमिए म्हणाली होती, तेव्हा नेगिशींचे डोळे भरून आले होते.

सभेआधी सगळ्यांनी मिळून देऊळ झाडलं होतं. आता आत काहीबाही भरलेल्या भाताच्या गुंडाळ्या फिरत होत्या. नेगिशींनी एक उचलली, अर्धी तोंडात घातली. तेवढ्यात सुमिए कानाशी वाकून कुजबुजली, "अहो, पोटभर खा. जेवायला उशीर होणार आज."

आणि वास आला.

नेगिशींचा घास न चावताच घशाखाली गेला. हातातल्या उरलेल्या अर्ध्या गुंडाळीत काहीतरी तपकिरी दिसत होतं. नात्तो! आकुत्सुंनी तेच मागवलं असणार! त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. आतली छत्री थरथरते आहे, पिशवीत एक काळा थेंब गोठतो आहे, हळूहळू, थंडीत तळ्याचा काठ गोठावा तसा. आता निघाला. आता मानेशी आला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलेलं आठवलं. गुठळी मेंदूत गेल्याची शंका आली की तीन गोष्टी बघायच्या. हसून बघा, तोंड वाकडं होतं का. दोन्ही हात उचला, एक खाली पडतो का. एक वाक्य स्पष्ट बोला.

नेगिशी हसले. सगळे दात दाखवून, दोन्हीकडून सारखे.

"तर मग," आकुत्सु घसा साफ करत म्हणाले, "पुढच्या वर्षीची जबाबदारी कोण..."

नेगिशींनी दोन्ही हात वर केले.

तीस माना एकदम वर आल्या. डावा हात जरा खालीच राहतोय का? झाडू मारून खांदा आखडला होता, पण भीतीला खांदा कुठला कळतो? त्यांनी जीव खाऊन हात आणखी ताणले.

"नेगिशी, तुम्ही? स्वतःहून?" आकुत्सु अर्धवट उठले.

"आज हवा छान आहे," नेगिशी एकेक अक्षर तोलून म्हणाले.

"बघा, बघा! याला म्हणतात मन!" आकुत्सुंनी डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटलेल्या माणसांच्याच टाळ्या त्या, थांबता थांबेनात.

त्या गजरातच नेगिशी उठले आणि सुमिएला ओढत बाहेर चपलांच्या फडताळापाशी आले. "मी नात्तो खाल्लं. मला काही झालं तर कुंड्यांना पाणी घालत जा."

"अहो, असं काय बोलता!" सुमिए म्हणाली. तिने दवाखान्यात फोन लावला. नेगिशींना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"तोंड सरळ आहे? हात उचलतात?" नर्सबाईंनी विचारलं.

"उचलले," नेगिशी खिन्नपणे म्हणाले. "टाळ्या पडल्या."

"काय? बरं, घासाला तारा सुटत होत्या का?"

नेगिशी थबकले. तारा? तारा नव्हत्या. मुठीत चुरगळलेली उरलेली गुंडाळी त्यांनी उघडून पाहिली. तेवढ्यात शेजारच्या तोमोएवहिनी धावत आल्या.

"भावजी, त्यात नात्तो कुठलं? सुकवलेल्या दुधीच्या फिती आहेत त्या! तुमच्यासाठी मुद्दाम मीच सांगून ठेवलं होतं."

"मग काळजी सोडा," फोन खणखणीत आवाजात म्हणाला. "परवाच्या तपासणीत छत्री घट्ट बसलेली दिसली आहे. गोळी चुकवू नका, बाकी चाला, फिरा, कामं करा. हृदय झकास आहे."

सभागृहाचं दार उघडंच होतं. आत कुणीतरी "वा!" म्हणालं. आता छातीवर हात ठेवून परत जाण्यात अर्थ उरला नव्हता.

"पण वास आला होता," नेगिशी पुटपुटले. "इथे, अगदी कानाशी."

तोमोएवहिनींना एकाएकी स्वतःच्या चपला शोधाव्याशा वाटल्या. सुमिएने तोंडावर हात ठेवला.

"रोज यांच्याकडे?" नेगिशींनी विचारलं.

"रोज नाही हो," ती बोटांआडून म्हणाली. "अगदीच राहवेना, तेव्हा. मागच्या दाराशी, उभ्या उभ्या. चूळ भरून यायची. आज देऊळ झाडायच्या घाईत राहिली."

घरी जाताना वाटेतली उमेची, म्हणजे जपानी जर्दाळूची, झाडं पांढरी फुलली होती. नव्या अध्यक्षांच्या काखेत कावळ्यांची जाळी होती. सुमिए दोन पावलं मागून, अजून तोंड झाकून चालत होती.

"कसं लागायचं?" त्यांनी न वळता विचारलं.

"चोरून खाल्लेलं कसं लागणार? निम्मंच."

नेगिशी थांबले. ती जवळ येईपर्यंत थांबले.

"गोळी सुटली की दोघं मिळून खाऊ," ते म्हणाले. "तोवर तो हात काढ बघू. निदान वास तरी येऊ दे मला."