आळशाच्या खाली उभे राहा

सहावीची बावीस मुलं जंगलाच्या फाटकातून आत शिरली तेव्हा त्यांच्यापेक्षा जास्त उड्या सोराइदाबाईच मारत होत्या. अख्खं वर्ष त्या या सहलीची वाट बघायच्या. पण यंदा मुख्याध्यापिका दोन्या ऑर्तेन्सियांनी दम भरला होता, "एक जण जरी हरवला तरी सहल कायमची बंद. मग जंगल फळ्यावर काढून दाखवा!" मागच्या वर्षी दोन पोरं माकडांच्या मागे गेली होती, त्यामुळे बाईंना बोलायला तोंड नव्हतं.

पहिल्याच वळणावर वाटाड्या एलिएसेरने वर बोट दाखवलं. फांदीला आळशी लटकला होता. पुस्तकात त्याला स्लॉथ म्हणतात, पण आमच्याकडे कोस्टा रिकात आम्ही माणसांना आणि जनावरांना तोंडावर बोलतो.

"बाई, हसतोय तो!"

"बाई, मेलाय का?"

"मेला नाही रे ओस्बाल्दो, सोमवारी सकाळी तू दिसतोस तसा दिसतोय."

पुढचा लाकडी पूल ठीक आहे का बघायला एलिएसेर गेला आणि नेमकी तेव्हाच बाईंना सकाळच्या तीन कप कॉफीने घाई केली. शौचालय पार फाटकापाशी. मुलांना ठेवायचं कुठे?

आमच्या गावात घरांना नंबर नाहीत. मोठ्या अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर दक्षिणेला, असा पत्ता सांगतात. मग ते झाड तोडून वीस वर्षं झालेली का असेनात. बाईंनी जन्माच्या सवयीने तसाच पत्ता ठरवला.

"सगळ्यांनी आळशाच्या खाली उभं राहायचं. आळशाला सोडून कुणी हललं तर गाठ माझ्याशी आहे!"

बाई पळाल्या. आता, आळशी आठवड्यातून एकदाच खाली उतरतो, तेही पोट मोकळं करायला. त्याचाही वार नेमका आजचाच होता.

"उतरतोय! अरे, उतरतोय!" ओस्बाल्दो कुजबुजला. आनंदाने त्याला नीट श्वासही घेता येईना.

"आता याच्या खाली कसं उभं राहायचं?" कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"मागे उभं राहायचं," वर्गाची मॉनिटर येर्लिन म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, त्याला सोडायचं नाही. रांग करा!"

आळशाने आपलं काम उरकलं आणि वाट ओलांडून तो दुसऱ्या झाडाकडे निघाला. त्याच्या मागे दहा हात अंतर ठेवून बावीस मुलं, दर मिनिटाला दोन पावलं. वर्गात कधी न दिसलेली शिस्त त्या दिवशी जंगलाला दिसली. वळणापलीकडच्या झाडावर आळशी चढला आणि मुलं त्याच्या खाली उभी राहिली.

बाई परतल्या तर ना आळशी, ना मुलं. त्यातून सगळी झाडं सारखी! वर बघत, हाका मारत त्या एका पायवाटेला लागल्या, तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या. तासाभराने जंगलाच्या एका पहारेकऱ्याला त्या एका मुळावर बसून रडताना सापडल्या.

"तुम्हीच सोराइदाबाई?"

"हो! अहो, माझी बावीस पोरं हरवली!"

"पोरं जागेवर आहेत. हरवलेल्या तुम्ही. एलिएसेर पुलावरून आला तर पोरं म्हणाली, बाई हरवल्या. निळी टोपी, वय एक्कावन्न, हाक मारताना आवाज चिरकतो. चला."

बाईंना पाहताच मुलांनी जल्लोष केला. "बाई, तो आमच्यासमोर खाली उतरला! तुम्ही कुठे होतात?" बाईंनी रडत रडत तीनदा मुलं मोजली. बावीसच भरली.

दुसऱ्या दिवशी दोन्या ऑर्तेन्सियांनी पहारेकऱ्यांचा अहवाल वाचला. हरवलेले विद्यार्थी: शून्य. हरवलेले शिक्षक: एक. त्यांनी त्या 'एक'खाली लाल पेनाने रेघ मारली. बाईंनी मनातल्या मनात जंगल फळ्यावर काढायला घेतलं.

"मुलांची काही चूक नाही," शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सहल जाईल. फक्त घरच्यांच्या संमतीचा हा कागद आता तुम्हीही भरून आणा."

संध्याकाळी बाईंनी तो कागद आईपुढे ठेवला. ऐंशी वर्षांच्या आईने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, सही करता करता हात थांबवला आणि विचारलं, "पोरं नीट लक्ष ठेवतात ना गं तुझ्यावर?"