दामूभाऊजींचं पाळणाघर

आमच्या दामूभाऊजींना शेतावर शोधायचं तर आधी लाल खुर्ची शोधायची. प्लास्टिकची साधी खुर्ची. ती उलटी करून ते डोक्यावर घेतात आणि बांधाबांधानं फिरतात. ऊन लागत नाही, हात मोकळे राहतात आणि वाटेल तिथं बसता येतं. टोपी आणि बैठक एकातच, असं त्यांचं म्हणणं. लांबून बघणाऱ्याला मात्र चार शिंगांचं लाल जनावर पिकातून चाललंय असंच वाटतं. गोडाऊनला येणारे ट्रकवाले त्यांना बघून हॉर्न देतात. भाऊजी मान हलवतात, म्हणजे खुर्चीच नमस्कार करते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी थोरली वहिनी, म्हणून त्यांच्याबद्दल काहीही लिहायचा मला अधिकार आहे. आणि त्यांना वाचायचा कंटाळा आहे, म्हणून धोकाही नाही. भिवंडीजवळ, दापोड्याच्या अंगाला आमचं शेत. चारी बाजूंना गोडाऊनचे पत्रे, मधे आम्ही हिरवे. गोडाऊनवाले येतात, चहा पितात, जमिनीचा भाव सांगतात. भाऊजी शांतपणे ऐकून घेतात आणि त्यांच्या हातात पालेदार मुळे देऊन गाडीपर्यंत सोडायला जातात. एवढ्या मोठ्या गाडीत मुळे घेऊन बसलेला माणूस पुन्हा भाव काढत नाही.

या शेतात भाऊजींनी शेतकरी तयार करायचा कारखाना काढलाय. ज्याला शेती करायची आहे पण जमीन नाही, अंगात कसब नाही, त्यानं यायचं. पाच गुंठ्यांचा तुकडा मिळतो. विहिरीचं पाणी, शेण, बियाणं, अवजारं सगळ्यांची मिळून. रविवारी ठाण्याच्या सोसायटीत टेबल लागतं, तिथं सगळ्यांची भाजी एकत्र विकायची. खत-औषध बाजारातलं चालणार नाही. आणि एक वर्ष झालं की तुकडा सोडायचा आणि दुसरीकडे आपली जमीन कसायला घ्यायची. मुक्काम वाढवून मिळत नाही.

ठाण्याहून एक संस्थेच्या बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही हे जे करता त्याला इन्क्युबेटर म्हणतात. भाऊजींनी विचारलं, ती कोंबडीच्या अंड्यांची पेटी का? बाईंनी खूप समजावलं. गावानं मात्र एका दिवसात नाव ठेवलं, दामूचं पाळणाघर. तेच चिकटलं. आता रिक्षावालेसुद्धा पाळणाघर म्हटलं की बरोबर सोडतात. एकदा एक नवी सून खरोखरच मूल ठेवायला घेऊन आली होती. तिला आम्ही मेथी दिली.

शिकवायची भाऊजींची रीत जगावेगळी. ते काही शिकवतच नाहीत. एखाद्याच्या तुकड्यात जाऊन खुर्ची टेकतात आणि बसतात. तास जातो, दीड तास जातो, तोंडातून शब्द नाही. बाकीचे एकमेकांना खुणावतात, आज खुर्ची तुझ्याकडे. ज्याच्याकडे खुर्ची तो एकच वाफा तीनदा खुरपतो. त्यानं विचारलं, काका, काही चुकतंय का, तर उत्तर ठरलेलं, "मी काय बोललोच न्हाय."

परागचंच बघा. ठाण्याचा इंजिनियर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आला. त्याच्या चवळीवर मावा पडला. भाऊजी त्या काळ्या किड्यांनी भरलेल्या वेलासमोर तासभर बसले आणि पराग मोबाईलवर पुण्याच्या कुणाला तरी फोटो पाठवत राहिला. पुण्याचं उत्तर येईपर्यंत माव्यानं चवळी आटोपली. मग भाऊजी उठले आणि म्हणाले, पहिल्या दिवशी बोटानं पुसून काढला असतास तर गेला असता. पराग चिडला. आधी का नाही सांगितलं? भाऊजी म्हणाले, सांगितलं असतं तर तू माझं बोट शिकला असतास.

फसलेलं पीक टाकून द्यायचं नाही, हाही नियम. ते माझ्या स्वयंपाकघरात येतं. किडकी वांगी, शेंडा मोडलेली भेंडी, अर्धा मुळा उंदरानं आणि अर्धा आम्ही. ज्यानं पिकवलं त्यानं समोर बसून जेवायचं. मी म्हणते, अहो भाऊजी, या पोरांच्या चुका माझ्या कढईत कशाला? पण खरं सांगते, किडकं कापून टाकलं की वांगं बाजारच्यापेक्षा गोड लागतं.

अशा या पाळणाघरात दिवाळीनंतर अस्लम आला. भिवंडीतच जन्मलेला, बाप कापड विणायच्या लूमवर, तोही लूमवर. त्याच्या शेठचे लूम बंद पडले. बायको नसीम म्हणत होती, गोडाऊनवर वॉचमनची ड्युटी मिळतेय, वर्दीला कापड मिळेल, महिन्याच्या महिन्याला पगार. अस्लमनं तिच्याकडे एक वर्ष मागून घेतलं. वर्षात शेतकरी झालो तर झालो, नाहीतर वर्दी. वर्दी बोलताना तो असं तोंड करायचा, जसं काही कडू कारलं कच्चं खाल्लंय.

मला तो पहिल्या दिवसापासून काकी म्हणायचा आणि भाऊजींना चाचा. जवळच्या कोन गावातल्या एका पाटलांची अर्धा एकर पडीक होती. भाऊजींनी शब्द दिला तर ते ती अस्लमला कसायला देणार होते. म्हणजे सगळं भाऊजींच्या शब्दावर, आणि शब्द तर या माणसाच्या तोंडातून निघत नाही.

अस्लमचे मुळे चांगले आले, मेथी चांगली आली. माघात त्यानं शिराळी लावली, म्हणजे तुमची दोडकी. वेलाला मांडव लागतो. आमच्याकडे काथ्याची जाड दोरी वापरतात. अस्लमनं ती बघून नाक मुरडलं. म्हणाला, काकी, ये क्या रस्सी है, मी लूमवाला आदमी आहे, माझ्या हातचं बघा. शेठच्या कारखान्यातून पॉलिस्टरचं उरलेलं सूत आणलं आणि बांबूंवर असा मांडव विणला की काय सांगू. ताणा-बाणा बरोबर, चौकोन चौकोनाला जुळलेला, बोट लावलं तर तंबोऱ्यासारखं वाजायचं. गावातली माणसं बघायला आली. मी स्वतः दोन वेळा जाऊन आले.

भाऊजींनी त्या मांडवाखाली खुर्ची टाकली. बसले. वर बघत राहिले. मी म्हटलं, कसा आहे? म्हणाले, बेस हाय. पुन्हा वर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. अस्लमला वाटलं, चाचांना आवडला. तो बसल्या बसल्या कोनच्या अर्ध्या एकरात काय काय विणणार ते सांगत होता.

वेल चढले, फुलं आली, शिराळी लोंबायला लागली. आणि फाल्गुनात एका दुपारी वारा सुटला. साबण दोऱ्यानं कापतात ना, तसे त्या सुतानं वेल कापले. फळांचं वजन खाली, वारा वरून, आणि मधे ते बारीक, न तुटणारं सूत. संध्याकाळी अस्लम आला तेव्हा मांडव जसाच्या तसा उभा होता, एक दोरा तुटला नव्हता. खाली सगळी कोवळी शिराळी पडलेली.

तो वाकला. एक वेल उचलून कापलेल्या जागी जोडून बघत होता, लूमवर तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात तसा. मग बांधावर बसला आणि मला म्हणाला, काकी, नसीमला सांगतो वर्दी शिवायला टाक.

त्या दिवशी मी भाऊजींवर तोंड सोडलं. घरातल्या कुणी त्यांना इतकं बोललं नसेल. म्हटलं, दोन दिवस मांडवाखाली बसून होता, तुम्हाला दिसत होतं. एक शब्द टाकला असता तर काय झिजलं असतं? त्याच्या घरातली चूल तुमच्या शब्दावर पेटते, आणि तुम्ही मजा बघता?

भाऊजींनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली. म्हणाले, "वहिनी, विशूला मी एकपन चूक करू दिली न्हाय. फावडा धरला की हात धरायचो. पानी सोडलं की बांध फोडून परत सोडायचो. मग त्यानं शेतात पायच ठेवला न्हाय."

विशू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यानं आपल्या वाटणीच्या जमिनीवर गोडाऊनचे गाळे बांधले आणि ठाण्याला गेला. आमच्या घरात त्याचं नाव भाऊजींसमोर कुणी काढत नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच काढलं, म्हणून मी भांडण तिथंच सोडलं. कधी नव्हे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी अस्लमच्या दारात. भिवंडीतल्या त्या गल्लीत, डोक्यावर खुर्ची. नसीमनं नंतर मला हसत हसत सांगितलं, आम्हाला वाटलं खुर्ची विकणारा आला. भाऊजी आत जाऊन बसले, चहा प्यायले, आणि अस्लमला एवढंच म्हणाले की, काथ्या आनलाय, तो काय स्वतः चढून बांधनार न्हाय. अस्लम उठला.

मुळांवर जे उरलं त्याला पुन्हा फूट आली. थोडी का होईना, शिराळी निघाली. पावसाळ्यात त्यानं सगळ्यांबरोबर भात लावला, बांधावर काकडी घेतली. वर्ष सरत आलं तसे भाऊजी मला घेऊन कोनला गेले. पाटलांना शंका होती. म्हणाले, दामूशेठ, मानूस लूमवरचा, त्याचा सगळा वेल पडल्याचं आमच्या कानावर हाय.

"पडलाय म्हनूनच सांगतो," भाऊजी म्हणाले. "ज्याचा कधी पडला न्हाय त्याला जमीन देऊ नका. माझा शब्द हाय."

पाटील हसले आणि जमीन दिली. परतताना रिक्षात मी म्हटलं, आज बरंच बोललात. तर म्हणे, घसा बसलाय.

दिवाळी झाली. अस्लम निघायच्या दिवशी नसीमनं शीरखुर्मा आणला. भाऊजींनी दोन वाट्या खाल्ला आणि तोंड पुसून अस्लमला म्हणाले, आता इकडं दिसू नको. तो पाया पडायला वाकला तर म्हणे, जा, एसटी चुकेल. त्याच्याकडे स्वतःची स्कूटर होती.

एव्हाना नवी माणसं वाट बघत होती. कशेळीची एक नर्स, मंगल तिचं नाव, रोज फोन करायची, मावशी, अस्लमभाईंचा तुकडा मोकळा झाला ना? मी भाऊजींना विचारलं. म्हणाले, जमीन आराम करतेय. आठवड्यानं पुन्हा विचारलं, तेच उत्तर. पण मी जाऊन बघितलं तर आराम कसला. वाफे ओढून तयार, शेणखत पडलेलं, मांडवाला नवा काथ्या. आणि भाऊजी स्वतः घागरीनं पाणी घालतायत, पेरलेलं काहीच नाही तिथं.

मी म्हटलं, भाऊजी, हे काय चाललंय? मंगल रोज फोन करते, तिलाही तिचं वर्ष हवंय.

त्यांनी घागर खाली ठेवली. "कोनला न्हाय जमलं तर? मानसाला परत यायला जागा पाहिजे. येऊ नको बोललो, म्हनून काय जागा पन ठेवायची न्हाय?" मग घागर उचलली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "विशूला येऊ नको बोललो तेव्हा ठेवली न्हाय."

तेव्हा मला कळलं, की आमच्या पाळणाघरातून जो जो गेला त्याचा तुकडा महिना-दोन महिने आरामच करत असायचा. मी इतकी वर्षं त्याला जमिनीचं शास्त्र समजत होते.

संक्रांतीच्या आधी अस्लमची स्कूटर आली. पुढे पिशवी, पिशवीत कोनची शिराळी. पहिला तोडा बाजारात गेला होता, ही दुसऱ्यातली. भाऊजींनी एक शिराळं घेतलं, नख लावलं, वाकवून बघितलं आणि म्हणाले, एक दिवस आधी तोडायला पाहिजे होतं. अस्लम हसला. म्हणाला, चाचा, वर्दीचं कापड नसीमनं पडद्याला वापरलं. चहा घेऊन तो गेला, त्याला संध्याकाळचं पाणी सोडायचं होतं.

भाऊजींनी मला सांगितलं, त्या मंगलला फोन लाव, उद्या ये म्हणावं. मी लावला. ती इतकी आनंदली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. बोलणं संपलं तरी भाऊजी तिथंच उभे. मी शिराळी सोलायला घेतली, तरी उभेच. मग म्हणाले, विशूचा नंबर हाय का तुझ्याकडं?

मी नंबर लावला, फोन त्यांच्या हातात दिला आणि चुलीकडे तोंड करून बसले. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. न्हाय, तब्येत बरी हाय. न्हाय, गाळ्यांचं काय न्हाय. शिराळी आलीत कोनवरून, म्हनून केला. मग बराच वेळ नुसतं हूं, हूं. मला वाटलं ठेवला.

"पोरांना घेऊन ये," भाऊजी म्हणाले. "उपटू दे रोपं. आपन परत लावू."