नारळाची खात्री

खंडेनवमीला महालिंगअप्पांनी कॉम्प्युटरची पूजा मांडली ती चालू कॉम्प्युटरची. बंद यंत्राला ओवाळणं म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला या-बसा म्हणणं, असं त्यांचं मत होतं. पडद्यावर भस्माचे पट्टे ओढले, माउसला झेंडू वाहिला आणि नारळ ठेवायला जागा म्हणून कीबोर्ड पसंत केला. मग ते स्कूटर ओवाळायला अंगणात गेले.

पडद्यावर तेव्हा इंग्रजी अक्षरांत तीन नावं होती : अप्पा, अव्वा, अमर. एकाच मशीनमध्ये तिघांच्या तीन वेगळ्या सिस्टीम मुलाने, अमरेशने, बसवून दिल्या होत्या. अप्पांची सोसायटीच्या हिशेबाची, अव्वांची लिंगायत संतांची वचनं ऐकण्याची आणि त्याची स्वतःची, जिच्यातलं घरात कुणाला काही कळत नसे. मशीन सुरू केलं की ते आधी विचारायचं, कोण आलंय?

अमरेश दोन वर्षांपूर्वी गेला. पुण्यात, ऑफिसात, छातीत कळ येऊन. तेव्हापासून त्याची अव्वा, शांतव्वा, रोज सकाळी मशीन सुरू करून चहा घेऊन समोर बसत. इंग्रजी येत नव्हतं. पण तिन्ही नावांचं पहिलं अक्षर त्यांना घराच्या छपरासारखं दिसे. चहा संपला की त्या बटण बंद करत. एकदा अप्पांनी लाइटबिलाचा विषय काढला. एकदाच.

तिन्ही नावांच्या खाली कंपनीची स्वतःची एक ओळ होती : मशीन पुन्हा नव्यासारखं करा. नारळ आधी खालच्या बाणावर कलंडला, मग घरंगळून एन्टरवर स्थिरावला. मशीनने तीनदा विचारलं, खात्री आहे का? नारळाची खात्री होती.

अप्पा आत आले तेव्हा पडदा त्यांना नवीन कॉम्प्युटर घेतल्याबद्दल शुभेच्छा देत होता. मागून शांतव्वा आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, शेवटी नवऱ्याकडे पाहिलं.

"पोरगं कुठं घालवलासा?"

त्या दुपारी त्यांनी पुरणपोळी वाढली, पण तूप अप्पांनाच उठून घ्यावं लागलं.

शेजारचे आकाराम येऊन म्हणाले, "दुसरा नारळ ठिवून बगा. एकानं गेलंय, दुसऱ्यानं ईल." अप्पांनी खरंच एकदा देवघराकडे पाहिलं.

दसरा झाल्यावर कळंब्याच्या रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान असलेला सम्राट आला. त्याने बॅग उघडली.

"फोटो किती गेलं, अप्पा?"

"फोटो मोबाइलात हायत."

"मग हिशेब?"

"सोसायटीचा सगळा गेला. जाऊ दे रं. ती नावांची यादी तेवढी आण."

"अवो, यादी म्हंजे नुसतं दार. आत काय पायजे ते सांगा की."

"आत कोण जात न्हाय," शांतव्वा म्हणाल्या. "आमी दारातच बसतो."

सम्राटला असलं गिऱ्हाईक नवीन होतं. "काकू, तीन कशाला पायजेत? एकच ठिवतो. मशीन पळतंय का न्हाय बगा."

शांतव्वांनी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला. तो अर्धा भरलेला होता.

सम्राट मुकाट्याने पेनड्राइव्ह लावून कामाला लागला. तासाभराने म्हणाला, "नशीब हाय. कंपनीनं फुडची खोली धुतलीय. मागं अमरदाचं आन काकूंचं सगळं तसंच हाय, नुसती वाट तुटलीती."

मशीन बंद झालं, सुरू झालं. आणि तिन्ही नावं आली. अप्पांनी डोळ्यांत कचरा गेल्यासारखं केलं. शांतव्वा खुर्ची ओढून बसल्या, तोच नावांच्या खाली आकडे हलू लागले. नऊ, आठ, सात.

"हे काय मोजतंय?"

"ते मी लावलंय, काकू. तेवढ्यात कोण निवडलं न्हाय, तर वरचं आपोआप उघडतंय. तुमचीच सोय."

"आन बाकीचे?"

"बाकीचे जात्यात."

त्याचं बोलणं संपायच्या आत नावं गेली. अप्पांची सिस्टीम उघडली. रिकामी, निळी, कोरी.

"परत आण त्यास्नी," शांतव्वा म्हणाल्या. "आन ते मोजणं काढ."

"काढतो. पण मग हे फुडं सरकणार न्हाय, काकू. कोण काय दाबलं न्हाय तर दिवसभर हितंच बसंल नुसतं."

"बसू दे की," शांतव्वा म्हणाल्या. "कुठं जायाचं हाय त्याला?"